डावा

आधी वाटलं, उंदीर.
स्पीकरच्या जाळीखाली काळा चुरा,
बोटाला चिकटणारा, पाघळलेल्या गुळासारखा.
सकाळी कचऱ्याची गाडी गात आली
तेव्हा पोराला विचारलं, हे ओल्यात टाकू की सुक्यात?
त्यानं वास घेतला. म्हणाला,
आंटी, ये तो मैंने भी पेली बार देखा.

मग दोन्ही डबे जुन्या दुलईत गुंडाळून
ई-रिक्षानं महाराणी रोड.
मुर्तझाभाईंचं दुकान जिन्याखाली,
खांदा तिरका केल्याशिवाय आत जाता येत नाही.
त्यांनी जाळी काढली. कागदाच्या कडेचा फोम
नखानंसुद्धा उचकटला नाही,
नुसती फुंकर मारली. गेला.

चुकलं काय आमचं?
ऊन लागू दिलं नाही. उदबत्ती लांब.
गुरुवारी फडकं, तेही कोरडं.
आवाज कधी चारच्या वर नाही.
भाच्यानं मधली टोपी बोटानं चेपली,
तर यांनी चिकटपट्टी लावून
ती हळूहळू बाहेर ओढली होती,
अर्धा तास, श्वास धरून.

मुर्तझाभाई हसले.
कागद टिकतो बेहेनजी, चुंबक तर
तुमच्या-माझ्यानंतरही चुंबकच राहणार.
फोम की उमर बीस साल समझो.
बजाओ तो भी, ना बजाओ तो भी.

घड्याळाचा सेल तारांना टेकवला,
कागद चटकन पुढे आला,
हाक मारल्यावर कुणी दारात यावं तसा.
दोन्ही अंगठ्यांनी दाबून, कान जवळ नेऊन पाहिलं.
घासत नाही, म्हणाले.
मग आतली कॉइल दाखवली:
उजव्याची तपकिरी, चहाच्या गाळणीच्या रंगाची,
डाव्याची कालच गुंडाळल्यासारखी लखलखीत.
ये तो बजा ही नहीं. तार निकली थी क्या?

तार निघाली नव्हती.

घरी येऊन अ‍ॅम्प्लिफायरपुढे चष्मा लावून बसले.
आवाजाचं बटण घासून गुळगुळीत.
शेजारी बॅलन्सचं. त्यावरची पांढरी रेघ
पार उजव्या टोकाला,
आणि बुडाशी धुळीचं कडं, न हललेलं.
माझंच फडकं वीस वर्षं
त्याच्या भोवतीनं फिरत होतं.

माझा डावा कान त्र्याऐंशी सालच्या टायफॉइडात गेला.
स्पीकर आले अठ्ठ्याण्णवात,
पाचव्या वेतन आयोगाच्या एरियर्समधून.
म्हणजे जोडणी झाली त्याच दिवशी
यांनी बटण फिरवलं असणार,
आणि दोन्ही कान धड असलेला माणूस
सुदामा नगरातल्या या खोलीत
एकाच भिंतीचं गाणं ऐकत बसला.
एका शब्दानं बोलला नाही.

खरं सांगते, मला राग आला.
विचारायचं तरी.
मी म्हटलं असतं, राहू दे मधेच,
मला काय, येतं तेवढं येतं.
आता हे गेल्याला तीन वर्षं,
भांडायचं कुणाशी?
डाव्याचा फोमही उजव्याबरोबरच गळला,
एकाच आठवड्यात. जपून ठेवल्याचं
त्याला काही कळलंच नाही.

आठ दिवसांनी स्पीकर आले. बाराशे रुपये,
वर लाल तार लालला, काळी काळीला, अशी ताकीद,
नाहीतर एक पुढे येईल तेव्हा दुसरा मागे जाईल
आणि ढोलकीची थाप मधल्या मधे विरेल.
नवा फोम कडक असतो.
तीस तास हलक्या आवाजात चालवा, दोन्ही.

उजव्याचे झाले.
डाव्याचे रोज दुपारी दोन.
त्यासाठी खुर्ची उलटी फिरवावी लागते,
धड कान त्या बाजूला यावा म्हणून.
पाठ गाण्याकडे, तोंड भिंतीकडे.
तिथे कॅलेंडरचा खिळा आहे आणि पोपडा,
आणि मागून, यांच्या बाजूनं,
सारंगी येते.

काल हर्षदाचा व्हिडिओ कॉल आला.
आई, भिंतीकडे तोंड करून काय बसलीयस?
बरं नाही का?
म्हटलं, थांब गं, बोलू नकोस.
डावा चालवतेय.
अजून अकरा तास आहेत.