उजवं पान

डाव्या पानावर गणित,
उजव्या पानावर त्याची हकीकत.
एवढीच अट घातली होती मी पहिल्या दिवशी,
एप्रिलच्या शेवटाला, तांडापेठेत,
कूलरच्या ओल्या खसाच्या वासात.

प्रांजली नंदनवार, नववीतून वर ढकललेली,
दारात चपला उलट्यासुलट्या टाकून बसली
आणि उजव्या पानावर पहिलं वाक्य लिहिलं:
'मले गणित येत नाही.'
मी म्हटलं, हे उत्तर झालं.
रीत कुठाय?

मी काही शिकवणारी नव्हे.
इतवारीतल्या एका सहकारी बँकेत
एकतीस वर्षं रोखपाल होते.
संध्याकाळी ताळा जुळला नाही
तर शटर अर्धं ओढून आम्ही बसायचो,
चहा गार, घरचे फोन करकरून थकलेले.
चोपन्न रुपयांचा फरक.
गंधे साहेब म्हणायचे, नऊनं भाग जातो ना,
मग कुणीतरी आकडे उलटे मांडलेत, शोधा.
आणि सापडायचं,
ब्याऐंशीच्या जागी अठ्ठावीस,
बहुतेक वेळा माझ्याच अक्षरात.
चुकीला घर असतं, दार असतं,
कधी कधी तर दारावर पाटीही.

रोज दहा उदाहरणं. जास्त नाही.
मे महिन्यात उजवं पान असं भरत गेलं:
'कंसाच्या बाहेरचं वजा आतल्या पहिल्यालेच भेटलं.
दुसऱ्याले भेटलंच नाही. तो तसाच राहिला बिचारा.'
'पाऊण अधिक अर्धा. वरचे वर मिळवले, खालचे खाली.
चार सहांश आले. पाऊणपेक्षा कमी!
अजून घेतलं अन् कमी झालं, असं कसं होईन बापा.'
'आज लाईट गेली म्हणून पाचच.'
'आज लाईट होती. तरी पाचच.'

वजाला वजानं गुणलं की अधिक:
हे तिनं मान्यच केलं नाही.
मी नियम सांगितला. पुन्हा सांगितला.
आवाज चढला माझा.
ती गप्प. उजवं पान तीन दिवस कोरं.
चौथ्या दिवशी:
'झिरो माइल म्हणजे शून्य.
कामठीकडे अधिक, बुटीबोरीकडे वजा.
बाबाचा ऑटो बुटीबोरीकडे तोंड करून उभा आहे.
बाबानं रिव्हर्स टाकला.
ऑटो कुठं चालला? कामठीकडे.
काकू, हे तुम्ही काहून नाही सांगितलं?'

काहून नाही सांगितलं.
मला माहीत नव्हतं, प्रांजली.
एकतीस वर्षं नियम वापरला,
त्याला कधी ऑटोत बसवलं नव्हतं.
त्या रात्री एका जुन्या डायरीचं उजवं पान काढून
मीही लिहिलं, तारीख घालून:
आवाज चढला, कारण उत्तर पाठ होतं
आणि रीत नव्हती.

आता शाळा उघडायला नऊ दिवस.
चाचणीत काय होईल, मला सांगता येणार नाही.
ती अजून सात आठे म्हणताना
छप्पनच्या आधी खिडकीकडे बघते.

आज सातव्या उदाहरणात अडली.
मला लांबूनच दिसलं कुठं:
तिसरी ओळ, पद पलीकडे नेलं, चिन्ह तेच ठेवलं.
मी बोट उचललं
तोच वहीवर हात आडवा ठेवून म्हणाली,
थांबा. सांगू नका.
इथंच कुठंतरी हाय तो.

कूलरमधलं पाणी संपलं होतं,
पंखा कोरडा खडखडत होता.
उठले नाही मी.
दार अर्धं लोटलेलं,
बाहेर तापलेली, सुनसान गल्ली,
आणि आम्ही दोघी
फरक सापडेपर्यंत बसलेल्या.