रीडिंग

डाव्या कुशीवर वळा, हात डोक्याखाली.
जेल थंड लागेल, असं फरहीन दर वेळी सांगते
आणि दर वेळी ते सांगितल्यापेक्षा थंड असतं.
"साँस रोकिए, अंकल."
मी रोकतो.
पडद्यावर राखाडी काहीतरी उघडतं, मिटतं,
विहिरीच्या तळाशी बेडूक हलावा तसं.

एकतीस वर्षं मी इंदुरात मीटर वाचले.
मल्हारगंज, नंदलालपुरा, शेवटी जिन्सी.
कानावर पेन्सिल, बगलेत रजिस्टर,
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च मारायचा
आणि चकतीवरची लाल खूण
एकदा समोरून जाईपर्यंत थांबायचं.
गल्लीतली कुत्री मी नावाने ओळखायचो, माणसं नंबराने.

लोक म्हणत, भाऊसाहेब, थोडं कमी लिहा ना.
चहा पुढे करत.
एकाने तर मीटरला लोहचुंबक चिकटवलं होतं
आणि वरून देवाचं कॅलेंडर.

आता माझं रीडिंग दुसरं कोणी घेतं.
पहिल्या सलाइनच्या आधी बासष्ट,
तिसरीनंतर अठ्ठावन्न.
पन्नासच्या खाली गेलं तर लाल औषध थांबवू,
डॉक्टर पोरवाल म्हणाले, खिडकीकडे बघत.
त्याच औषधाने गाठ विरते आहे.
तेच इकडे पंपाला कुरतडतं आहे.
दिसायला कोकमाचं सरबत. नंतर लघवीलाही तोच रंग.

शरयू बाहेर बाकावर. मांडीवर फाइल, फाइलीवर डबा.
मला बाई आकड्यांतलं काही कळत नाही, म्हणते.
पण किराण्याच्या वहीत, मागच्या पानावर,
तिने ते एकाखाली एक लिहिलेले मी पाहिलेत,
वजाबाकीला मांडतात तसे.

फरहीन ठिपके टाकत जाते,
हृदयाच्या आतल्या भिंतीला रेघ ओढते.
पुसते. पुन्हा ओढते.
तिसऱ्यांदा पुसते तेव्हा माझ्या तोंडून निघतं,
"बेटा, थोडा ज़्यादा लिख दो."

जिन्सीत एक बाई होती.
नवरा ऑक्सिजनच्या यंत्रावर, रात्रंदिवस घरघर.
एकदा, एकदाच, मी तिचे चाळीस युनिट कमी लिहिले.
पुढच्या महिन्यात ते चाळीस तिथेच होते,
मीटर काही विसरत नाही.
यंत्र मात्र कोपऱ्यात, वर नळी गुंडाळून ठेवलेली.
बाई दारात उभी, काही बोलली नाही.
लाल खूण समोर यायला
त्या दिवशी फार वेळ लागला.

फरहीन हसत नाही. रागावतही नाही.
"जो है वही लिखूँगी, अंकल.
एक बार और. साँस रोकिए."

मी रोकतो.
यंत्रातून कागद सरकत येतो. त्रेपन्न.
शर्टाची बटणं लावतो, एक चुकतं, राहू देतो.
दार ढकलतो तर शरयूने
पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलंय.