मागच्या पानापासून

मंडळीचं रजिस्टर उलटं धरलं
आणि मागच्या पानापासून लिहायला बसले.
पुढून बाप्तिस्मे, लग्नं, माती,
आजोबांच्या काळापासूनची, चार हस्ताक्षरांतली.
मागून रकाने पाडले:
घर. माणसं. गेलं काय. हवं काय.

पाणी उतरून तिसरा दिवस.
कृष्णा पात्रात परत, घरच्यासारखी,
आणि गावात तिचा गाळ, गुडघाभर.
गोदामातली हळद त्यात कालवलेली;
बाजाराच्या रस्त्याला हळद लागली होती
आणि वास मेलेल्या गुरांचा.

आमचं देऊळ उंचावर.
देऊळच म्हणतो आम्ही, चर्च पाटीवर लिहिलंय.
उंचावर, कारण पणजोबांच्या वेळी
गावानं तेवढीच जागा दिली,
माळाची, खडकाळ, कुणाला नको असलेली.
तिथवर पाणी आलं नाही.
बाकी सगळं गाव आलं.
ज्यांच्या घरातून आमच्या आजीला
वरून पाणी ओतायचे
तेही आले, ओल्या पायांनी, पायरीवर थबकले.
"या की आत," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाकं जोडून खाटा केल्या.
पिठाच्या गोण्या वेदीला टेकवल्या.
पाळक शांतवन आवळ्यांना मी आधीच सांगितलं,
रविवारी नोहा नको.
ते हसले नाहीत. त्या रविवारी उपदेशच झाला नाही,
खोरी कमी होती, माणसं जास्त,
आणि रमजान मुजावरच्या घरातला गाळ
दुपारपर्यंत काढायचा होता;
वाळला की सिमेंट होतो तो.

जतच्या मंडळीचा टेम्पो आला.
जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या,
धुतलेल्या लुगड्यांत बांधलेल्या,
शेंगांची चटणी, आणि मागं पाण्याचा टँकर.
चहूकडं पाणी असलेल्या गावाला
जतनं पाणी धाडलं.
ड्रायव्हर म्हणाला, "बाई,
आमच्याकडं आठ दिसाला एकदा येतो ह्यो.
ह्यो आठवडा तुमचा."
पाइप जोडताना मान वर केली नाही त्यानं.
मीही विचारलं नाही,
की मग तुमच्याकडं या आठवड्यात काय.

हवं काय?
रमजानचाचा: शिलाई मशीनचा पट्टा.
मगदुमांच्या अक्काताई: पिठाची चाळण.
"बाकीचं देताय तेच रग्गड, पण चाळण द्या,
हाताला सवय हाय."
सनद्यांचा दगडू: काही नको.
बसू द्या, म्हणाला, वाऱ्याला.
रकाना कोरा ठेवणं बरं दिसेना,
म्हणून लिहिलं: वारा.

दिवाळीपर्यंत ट्रक थांबले, फोटोवालेही.
मग खरं काम.
दर गुरुवारी तहसीलला, रेशनकार्डाच्या दुय्यम प्रतीसाठी,
थिओफिलच्या मोटारसायकलवर मागं बसून
मांडीवर अठ्ठावीस अर्ज.
साहेब विचारायचे, "तुमच्याच समाजाचे का सगळे?"
मी म्हणायचे, भिजलेले आहेत.

अकरा भिंती उभ्या राहिल्या.
बारावी दगडूची, कमरेपर्यंत आली
आणि माघ महिन्यात तोच गेला.
त्याची नोंद कुठं करायची कळेना.
पुढची पानं मंडळीच्या माणसांची.
मागच्या बाजूला तसला रकाना नव्हता.
त्याच्या "वारा"च्या खाली
बारीक अक्षरात तारीख घातली.
त्याचं पोरगं अजून भिंत पुरी करत नाही,
विटा तशाच आहेत, त्यावर कोंबडी बसते.

पुढच्या उन्हाळ्यात गावानंच ठरवलं,
मला न विचारता,
आणि उसाच्या वाढ्यांचा ट्रॅक्टर जतला गेला,
तिथल्या गुरांसाठी.
अक्काताई ट्रॉलीमागं चालत आल्या वेशीपर्यंत.
मग वळून पायरी चढल्या, आता थबकत नाहीत,
आणि चाळण माझ्या हातात दिली.
"नवी घेतली म्या. ही दुसऱ्या कुणाला व्हईल."
जाळीत पिठाचा कण अडकलेला होता.

रजिस्टर काढलं.
पुढची पानं आणि मागची
चालत चालत जवळ आली आहेत,
मधे सहा कोरी.
चाळण कुठल्या बाजूनं लिहू,
पेन उघडं ठेवून
बराच वेळ बसले आहे.