खडूनं आखलेली सावली

मार्गशीर्षातला रविवार.
सकाळी आठपासून मी गच्चीवर, हातात खडू.
दर तासाला सावलीची कड आखतो:
टाकीची, जिन्याच्या खोलीची,
आणि दक्षिणेला गयाबाईंच्या अंगणातल्या लिंबाची.
सोलरवाला पोरगा, प्रज्योत, म्हणाला होता,
"काका, मोबाईलवर दाखवतो की सगळं."
असंल.
एकतीस वर्षं या सेलूत मी मीटरचं रीडिंग घेतलं,
आकडा स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याशिवाय
मला लिहिता येत नाही.

वर्षाचं ऊन उन्हाळ्यात मोजू नये.
तेव्हा सूर्य डोक्यावर, सगळीच घरं श्रीमंत.
हिवाळ्यात तो कलला
की कळतं, कुणाची सावली कुणाच्या घरात जाते.
एका पॅनलवर फांदी आली
तर त्या ओळीतले सगळेच मान टाकतात.
फांदी छाटा, प्रज्योत म्हणतो, दोन युनिट वाढतील.

वैशाखात रीडिंगला फिरताना
याच लिंबाखाली मी सायकल लावायचो.
गयाबाई काही विचारायच्या नाहीत,
पाण्याचा तांब्या आणून ठेवायच्या.
ते कोणत्या बिलात धरायचं?

मथुरानं वर येऊन एकच विचारलं,
"तोंड कुणीकडं?"
दक्षिणेला.
"दक्षिणेला तोंड करून आपण घासही घेत नाही."
आपण नाही. पण हे उन्हावर जगणारं,
आणि त्याचं ताट तिकडूनच येतं.
हसली नाही.
खाली बसून तिनं फरशीवरून तळहात फिरवला.
दोन पावसाळे या कोपऱ्यात पाणी मुरतंय,
खाली स्वयंपाकघराच्या छताला ओलीचा नकाशा.
वरून लोखंड ठोकल्यावर
भेग बुजवायला हात कुठून घालायचा?
आधी स्लॅब. हे तिचं.
आणि धुवायचं कशानं, हेही तिचंच.
नळ आठव्या दिवशी.
बोअरचं पाणी असलं खारं
की पातेल्यावर पांढरा थर चढतो,
काचेवर चढणार नाही कशावरून?
आणि जिनिंगचा धुरळा तर दिवाळीपासून मुक्कामालाच.

"पण लाईट गेल्यावर तरी पंखा फिरंल ना?"
नाही. लाईट गेली की हेही बंद.
"भर उन्हात?"
भर उन्हात. बॅटरी नसली तर.
"मग काय कामाचं?"

तेव्हा मी तिला सर्जेराव सांगितला,
बावीस वर्षांत कधी न सांगितलेला.
लाईन बंद, परमिट खिशात, सर्जेराव खांबावर.
कुणाच्या तरी मांडवात जनरेटर सुरू झाला
आणि करंट उलटा आला.
मी खाली शिडी धरून होतो.
त्याच्या चपला शिडीशेजारी, जोडीनं, नीट ठेवलेल्या.
"म्हणून बंद होतं," म्हणालो.
"बंदच व्हायला पाहिजे."

बराच वेळ ती बोलली नाही.
मग, "गॅरंटी किती?"
पंचवीस वर्षं.
साठ आणि पंचवीस. बेरीज दोघांनीही केली,
उत्तर कुणीच उच्चारलं नाही.

चार वाजता तिनं एका रेघेवर बोट ठेवलं.
"ही कशाची? इथं तर काहीच नाही."
खरंच. टाकी तिकडं, लिंब पलीकडं.
मग ध्यानात आलं, बारा वाजता मीच उभा होतो तिथं.
स्वतःलाच आखून मोकळा झालो होतो.
पदराच्या टोकानं ती रेघ पुसायला लागली,
अर्धी पुसली, आणि राहू दिली.

संध्याकाळी प्रज्योतला फोन केला:
सहा नको, चारच.
उंचावर बसव, खाली एक बाज मावली पाहिजे.
फांदीला हात लावायचा नाही.
आधी हाफिज मिस्त्री येऊन स्लॅब बघतील,
तोवर थांब.
"काका, थांबलात तर भाव वाढंल."
वाढू दे, म्हणालो.
आधी ओल वाळू दे.