पाठपोट

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला लागून माझं मशीन.
जामिनाचे कागद, सातबारा, वारसदाखले
इथूनच आत जातात,
आणि बरेचसे परत येतात,
आणखी दोन प्रती लावा म्हणून.

किमया बागूल पहिल्यांदा आली
तेव्हा पेनड्राइव्ह मुठीत धरून उभी राहिली,
बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत.
एकशे बारा स्क्रीनशॉट. रंगीत.
तोंड हिचं, अंग दुसऱ्याच कुणाचं,
खाली हिचा नंबर,
नंबराखाली गावभरचे पुरुष.

मी कागद पालथे घालत गेलो.
ती म्हणाली, काका, सरळच ठेवा,
मी काही केलेलं नाही.
मग हळूच,
पाठपोट काढलं तर स्वस्त पडेल का?

पाठपोट चालत नाही आत, मी म्हणालो.

सातपूरच्या ठाण्यात विचारलं, राहता कुठे?
इंदिरानगर. मग तिकडे जा.
तिकडे विचारलं, फोटो कुठे पाहिलात?
ऑफिसात, सातपूरला. मग तिकडे जा.
सायबरच्या मॅडम चांगल्या होत्या,
पण एकट्या, आणि प्रिंटर बंद.
कंपनीला मेल गेलाय. उत्तर आलं की कळवू.
तारीख.
पुन्हा तारीख.
मध्येच पासष्ट-बचं त्रेसष्ट झालं,
मी प्रमाणपत्राचा नमुना नवा टाइप केला.
कलमाचा आकडा हलला,
फोटो जागचा हलला नाही.

माझे वडील नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
एक कागद कमी भरला तर गेट उघडत नसे,
आई ताटं झाकून ठेवायची.
वडील सांगत, खोटी नोट बँकेत आली
की कॅशियर आधी शिक्का मारतो,
ती परत कुणाच्या हातात देत नाही.
कुणी छापली, कशाला छापली, ते नंतर.
हे मी किमयाला सांगितलं.
ती हसली नाही.
म्हणाली, नोटेवर सही असते ना काका,
मोठ्या माणसाची.

चोवीस तासांत काढून टाका
असं कागदावर आहे म्हणे.
कागदावर काय काय असतं
ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक.

काल ती पुन्हा आली, स्वतःसाठी नाही.
सोबत ओझरची एक नर्स,
मूठ तशीच आवळलेली.
किमया तिला समजावत होती,
प्रत्येक पानावर तारीख आणि वेळ दिसली पाहिजे,
कडा कापू नकोस,
लिंक पूर्ण येऊ दे.
आणि माझ्याकडे न बघता,
रंगीत, काका. एका बाजूनं.

मी कागदाचे पैसे घेतले, शाईचे नाही.
कायदा खरंच एक दिवसात धावला
तर माझं हे गिऱ्हाईक तुटेल.
तुटू दे.
मशीन तापलं होतं,
पानं सरळ पडत होती,
आणि रांगेतला एक वकील
मान वळवून भिंतीकडे बघत होता.