वीस फांद्या

परळ, तिसरा मजला. एसी गळतो तिथे
फायली हलवून आता बादली ठेवली आहे.
स्क्रीनवर वीस ओळी:
पायांची आग, बधिरपणा, मुंग्या,
सहा मिनिटांत चाललेलं अंतर, साखर, वजन, भूक,
मन कसं आहे, जिना चढवतो का...
आणि सतराव्या ओळीत झोप.

झोपेपुढे ०.०३.

डॉ. पेंडुरकर खुर्ची ओढून बसले,
चहा की-बोर्डवर सांडता सांडता राहिला.
"मॅडम, सापडलं!"
जणू काही हरवलं होतं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, म्हणतो आपण.
पण तुम्ही वीस फांद्यांवर वीस कावळे बसवलेत, सर,
आणि जी तुटली
तिच्याखाली उभं राहून फोटो काढताय.
गोळी नुसती खडूची असती
तरी एखादी तुटण्याची शक्यता
शंभरात चौसष्ट.

"मग?"

मग पाच टक्क्यांची ही एवढीशी भाकरी
वीस जणींत वाटायची.
एकेकीच्या वाट्याला पाव टक्का.
झोप मागतेय बारा पट.

ते गप्प. मग हळूच,
"फार कडक आहात. या वीसही सख्ख्या बहिणी.
पाय जळत असतील तर झोप कुठून येणार?"
खरं आहे. त्यासाठीही रीती आहेत,
जरा मवाळ, पायरीपायरीने सैल होणाऱ्या.
त्या सगळ्या लावून पाहिल्या.
झोप एकाही चाळणीतून उतरली नाही.

चारच्या सुमारास हिराबाई तांडेल आल्या,
क्रमांक एकशे सात, माहीमच्या कोळीवाड्यातल्या,
प्रवासखर्चाचे राहिलेले पैसे न्यायला.
पेंडुरकरांना राहवलं नाही.
"झोप? लागते की आता.
समोरच्या टॉवरचं ठोकणं थांबलं ना, दिवाळीपासून."

ते माझ्याकडे बघेनात.
मी म्हटलं, ही एकच बाई, सर. हाही पुरावा नव्हे.

प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर
आम्हीच, दोन वर्षांपूर्वी, सह्यांसकट
एकच मुख्य प्रश्न लिहून ठेवला होता.
तो विचारला.

"पाय कसे आहेत, मावशी?"

त्यांनी चपला काढल्या,
बादलीशेजारच्या ओल्या फरशीवर
दोन्ही तळवे सपाट टेकवले
आणि पैसे न मोजता
बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.