निरंक

पहाटे साडेचारला गेवराईच्या स्टँडसमोर
बंद रसवंतीच्या बाकड्यावर आम्ही जमतो.
सात माणसं, दोन दुर्बिणी, एक नोंदवही.
वही माझ्याकडे, कारण मी शाळेत भूगोल शिकवते
आणि माझं अक्षर म्हणे वाचता येतं.

मोजायचं काम मात्र तांबोळीचाचांचं.
एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर.
दारात उभं राहून, घंटीची दोरी ओढायच्या आत
बसलेले किती, उभे किती,
आणि शेवटच्या सीटमागं कोण लपलंय
हे ज्यांना कळायचं,
त्यांना नाथसागरावरची पाखरं म्हणजे
बाजारच्या दिवसाची गाडी.

जानेवारीत पैठणच्या फुगवट्यावर
धुकं पाणी सोडायला तयार नसतं.
आधी नुसता आवाज येतो,
मग आवाजाला माना फुटतात, मग पट्टकादंब,
डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, हिमालयावरून थेट इथं,
गाळपेरातल्या हरभऱ्यावर.
चाचा मफलर कानावरून सरकवतात:
"चारशे बारा. पाच-दहा इकडं तिकडं."
गुरांचे डॉक्टर बिडवे फोटो मोठा करून घरी एकेक ठिपका मोजतात.
रात्री अकराला त्यांचा फोन, चारशे सहा.
चाचांना कळवलं तर म्हणाले,
"सहा मधल्या थांब्यावर उतरले असतील."

श्रावणात नायगाव.
तिथं मोर इतके, की मोराकडं कुणी बघत नाही.
आम्ही चातकासाठी माना वर करून चालतो
आणि मंगल सिस्टरची चप्पल दरवर्षी
त्याच चिखलात अडकते.
(ही नोंद वहीत नाही.)

आणि वैशाखात येडशी.
रामलिंगाच्या खाली, ओढ्यातल्या डोहावर
स्वर्गीय नर्तक अंघोळीला यायचा.
एवढंसं अंग, आणि मागं हातभर पांढरी शेपूट,
लग्नात नाचणाऱ्या करवल्याच्या
फेट्याचा सुटलेला शेमला जणू.
तीन वर्षं ओळीनं आला. एकदा तर दोन.

यंदा डोहाच्या तळाला भेगा.
भेगेत एक सरडा, आणि कुणाचीतरी
नारळाची करवंटी.
आम्ही सावलीत बसलो. साडेसहा. आठ. साडेनऊ.
वानरानं धपाट्याचं फडकं पळवलं
तरी कुणी मोठ्यानं ओरडलं नाही,
न जाणो, तो जवळच असला तर.
बिडव्यांची ऋजुता, सातवीतली, म्हणाली,
"पाणीच नाही तर तो कशाला येईल?"
आणि मग कुणालाच काही बोलता येईना.

मी तारीख टाकली, ठिकाण टाकलं,
पुढची जागा कोरी सोडून वही मिटली.

"तिथं काय लिहिलंत, मॅडम?"
काहीच नाही चाचा. दिसलाच नाही ना.

"असं नसतंय. माझी मुक्कामी गाडी असायची, उमापूरची.
एखाद्या रात्री माणूसच नाही. चिटपाखरू नाही.
तरी गाडी जायची. तरी वेबिल भरायचं.
कोरी जागा दिसली की तपासनीस विचारायचा,
गाडी गेलीच नव्हती का?
म्हणून लिहायचं. निरंक.
म्हंजे गाडी गेली होती. आपण दारात उभे होतो.
लिहा."

लिहिलं.
सरकारी कागदावरचा तो कोरडा शब्द
लिहिताना हात इतका जड होतो
हे मला ठाऊक नव्हतं.

परतीच्या वाटेवर जीप गप्प.
वही पिशवीत, पिशवी पायाशी.
मांजरसुंब्याच्या अलीकडं, रस्त्याकडेच्या विजेच्या तारा,
आणि चाचा, डोळे मिटलेले असावेत असं मला वाटत होतं,
खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले,
"वेडे राघू. सतरा बसलेले. दोन उभे."

उभे म्हणजे हवेत.
मी वही पुन्हा काढली.